माजी सैनिकांचे श्वसनविकार आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचे अपील

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती देण्याचा प्रघात आहे. तो याही अहवालात अन्यत्र पाळलेला आहे. त्यासोबत रुग्णांच्या जिव्हाळ्याच्या एखाद्या प्रश्नाची सविस्तर ओळख करून द्यावी, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. या वर्षी निवडलेला विषय वरवर पाहता वैद्यकीय नसून कागदपत्रांचा वाटेल. परंतु पारोळा तालुक्यातील आणि आसपासच्या गावांतील ज्या घरांतून मुले सैन्यात गेली, त्या घरांशी तो थेट निगडित आहे, आणि आमच्या रुग्णालयाच्या लेखणीशीही त्याचा संबंध आहे. हा संबंध आम्हांला एका प्रसंगाने कळला, म्हणून आरंभ त्या प्रसंगानेच करतो.

सैन्यात सतरा वर्षे सेवा करून हवालदार पदावरून घरी आलेले एक गृहस्थ आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत असत. आवारातून तपासणीच्या खोलीपर्यंत येताना ते दोनदा थांबत. विचारले तर एवढेच म्हणत, "भाऊ, दम लागस." सेवेतून बाहेर पडताना लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने त्यांना जुनाट ब्राँकायटिस असल्याचे नमूद केले होते आणि अपंगत्व ३० टक्के ठरविले होते. मात्र हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा त्यापुढे होता. त्यामुळे अपंगत्वाची रक्कम नामंजूर झाली. सरकारी हुकूम म्हणजे शेवटचा शब्द, असे समजून त्यांनी ते पत्र पेटीत ठेवून दिले. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या मुलाने ते वाचले. पत्राच्या शेवटी अपिलाची मुदत लिहिलेली होती, आणि ती केव्हाच उलटून गेली होती.

मुलाने अपिलाच्या तयारीसाठी वडिलांचे सगळे वैद्यकीय कागद गोळा केले. त्यांत आमच्या रुग्णालयाचा एक केसपेपर निघाला. सेवेच्या सहाव्या वर्षी वडील रजेवर आले असताना खोकल्यासाठी आमच्याकडे दाखवून गेले होते. केसपेपरवर निदान म्हणून दोनच शब्द होते, "जुना दमा". किती जुना, कधीपासून, कोणत्या ठिकाणी सुरू झाला, याबद्दल काही नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरांचा आशय बहुधा 'काही महिन्यांपासूनचा' असा असावा. पण अपिलाच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ 'भरतीपूर्वीपासूनचा' असाही काढता येत होता. मुलाने आम्हांला विचारले, "साहेब, एवढा एक शब्द खोडून देता येईल का?"

तो शब्द आम्ही खोडला नाही आणि खोडूही शकत नव्हतो. परंतु त्या दिवसापासून या विषयाची माहिती करून घेणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटू लागले. ती माहिती येथे क्रमाने देत आहोत.

आजाराचे नाव नेमके असणे का आवश्यक आहे

आपल्या भागात धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला 'दमा' म्हणतात. वैद्यकशास्त्रात मात्र हे आजार वेगवेगळे आहेत. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवस कफासह खोकला राहत असेल आणि त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तर त्यास जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. श्वासनलिकांचे आकुंचन कायमचे होऊन बसले, तर त्यास सीओपीडी असे नाव आहे. खरा दमा, म्हणजे अस्थमा, हा कमीजास्त होणारा विकार असून औषधाने नलिका बऱ्याच अंशी पूर्ववत मोकळ्या होतात. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेले व्रण आणि नलिका रुंदावून त्यांत कफ साचण्याचा ब्राँकिएक्टॅसिस हा विकार, हे आणखी निराळे.

हा फरक स्पायरोमेट्री या तपासणीने बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडायचा असतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, यांचे गुणोत्तर पाहतात. नलिका रुंदावण्याचे औषध देऊनही ते ०.७० पेक्षा कमी राहिले, तर अडथळा कायमचा आहे असे समजतात. औषधानंतर हवेचे प्रमाण चांगले वाढले, तर डॉक्टरांचा कल अस्थमाकडे झुकतो.

निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात या भेदाला फार महत्त्व आहे. सन १९८२ च्या पात्रता नियमांना जोडलेल्या आजारांच्या वर्गीकरणात हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांची एक स्वतंत्र यादी आहे. फुप्फुसाचा क्षय, ब्राँकायटिस, प्लुरसी, फुप्फुसातील गळू, ब्राँकिएक्टॅसिस आणि न्यूमोनिया ही नावे तीत स्पष्टपणे आहेत. म्हणजे केसपेपरवर 'ब्राँकायटिस' असे नेमके निदान असणे आणि 'दमा' असा मोघम शब्द असणे, यांत सैनिकाच्या दृष्टीने मोठे अंतर पडते.

सेवेचा श्वासाशी संबंध

खानदेशातील तरुण पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेला असतो. भरतीनंतर त्याची नेमणूक कधी लडाखच्या थंडीत, कधी राजस्थानच्या धुळीत, तर कधी ईशान्येच्या पावसात होते. सियाचिन हिमनदीवर एप्रिल १९८४ पासून आपले सैनिक तैनात आहेत. अशा उंचीवर प्राणवायू विरळ असतो, हवा कोरडी व अतिशीत असते, आणि बंकरमध्ये ऊब मिळविण्यासाठी रॉकेलवर चालणारी बुखारी पेटवावी लागते. तिचा धूर आणि काजळी बंद जागेत श्वासावाटे आत जाते. वाहनांच्या ताफ्यात, कार्यशाळेत किंवा तोफखान्यात काम करणाऱ्यांना धूळ व धूर यांचा संसर्ग निराळाच. या सर्वांचा श्वासनलिकांवर परिणाम होऊ शकतो, ही वैद्यकशास्त्रात मान्य झालेली गोष्ट आहे.

सैनिकाचे फुप्फुस आणि सरकारची जबाबदारी हा प्रश्न आजचा नाही. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरिन वायूचा मोठ्या प्रमाणावर प्रथम वापर झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच रणांगणावर वायूच्या माऱ्यात सापडली. अलीकडचे उदाहरण अमेरिकेचे आहे. इराक व अफगाणिस्तानात छावणीचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. त्या धुराच्या सान्निध्यात राहिलेल्या सैनिकांसाठी तेथे ऑगस्ट २०२२ मध्ये पॅक्ट कायदा झाला. जुनाट ब्राँकायटिस, सीओपीडी, सेवेनंतर निदान झालेला अस्थमा इत्यादी आजार त्या सैनिकांना सेवेमुळेच झाले असे गृहीत धरावे, अशी त्यात तरतूद आहे. सैनिकाने स्वतः कारण सिद्ध करीत बसण्याची तेथे आवश्यकता उरली नाही.

आपला कायदा काय सांगतो

आपल्याकडे ही उदारता नाही, असा समज असेल तर तो बरोबर नाही. १९८२ च्या पात्रता नियमांतील तीन तत्त्वे प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी माहीत असावीत.

पहिले तत्त्व असे की, भरतीच्या वेळी तपासणी करून घेतलेला सैनिक निरोगी होता असे मानावे. एखादा आजार त्या वेळी कागदावर नोंदलेला नसेल आणि पुढे त्याच आजाराने त्याला सेवेतून बाहेर पडावे लागले, तर तो आजार सामान्यतः सेवेतच उद्भवला असे समजावे.

दुसरे तत्त्व पुराव्याच्या भाराविषयी आहे. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. वाजवी शंका उरत असेल, तर तिचा फायदा त्यालाच द्यावयाचा असतो, आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील सेवेच्या बाबतीत तो अधिक उदारपणे द्यावयाचा असतो.

तिसरे तत्त्व वैद्यकीय मंडळावर जबाबदारी टाकते. हा आजार भरतीच्या तपासणीत कळून येणे शक्यच नव्हते, असे मंडळाचे मत असेल, तर त्याने त्याची कारणे लिहिली पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी या तत्त्वांचा सविस्तर ऊहापोह केला. त्या सैनिकाचा आजार श्वसनाचा नसून अपस्माराचा होता. भरतीच्या वेळी त्याची नोंद नव्हती आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिलेली नव्हती. न्यायालयाने त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर केले. तत्त्व आजाराच्या नावापुरते मर्यादित नसल्यामुळे हा निकाल फुप्फुसाच्या प्रकरणांतही आधाराला घेतला जातो. सुखविंदर सिंग यांच्या २०१४ मधील प्रकरणात याच विचाराची पुनरुक्ती झाली. मे २०२५ मध्ये राजुमोन यांच्या प्रकरणातही, कारणे न देता केवळ निष्कर्ष लिहिणाऱ्या मंडळाच्या मतावर निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

तथापि ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, अन्यथा वाचकांची दिशाभूल होईल. नरसिंग यादव यांच्या २०१९ मधील प्रकरणात न्यायालयाने अपील मान्य केले नाही. वैद्यकीय मंडळ हे तज्ज्ञांचे मंडळ आहे, त्याच्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे आणि सेवेत आजार आढळला एवढ्यावरून निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. सारांश, कायद्याचे गृहीतक सैनिकाच्या बाजूने असले, तरी प्रत्येक प्रकरण त्याच्या कागदांवरच उभे राहते किंवा पडते.

श्वसनविकारांच्या बाबतीत नकाराचे एक नेहमीचे कारण म्हणजे तंबाखू. दारू, तंबाखू किंवा मादक द्रव्ये यांच्या अतिसेवनामुळे आलेले अपंगत्व ही व्यक्तीच्या स्वतःच्या ताब्यातील बाब असल्याने तिची भरपाई मिळत नाही, असे नियमांत म्हटले आहे. दुसरे कारण म्हणजे आजार प्रकृतिदोषाचा किंवा जन्मजात प्रवृत्तीचा असल्याचे मत. तिसरे म्हणजे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी ठरविणे, कारण सामान्यतः २० टक्के ही पात्रतेची किमान मर्यादा आहे.

नियमांची आवृत्ती कोणती लागू होते, हेही पाहावे लागते. १९८२ नंतर २००८ चे नियम आले आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. कोणते नियम लागू पडतात हे सेवेतून बाहेर पडल्याच्या तारखेवर अवलंबून असते. त्यामुळे शेजारच्या गावातील सैनिकाला मिळाले म्हणून आपल्यालाही तसेच मिळेल, असे धरून चालू नये.

अपिलाच्या पायऱ्या

नामंजुरीचे पत्र हा शेवट नसतो, हे आमच्या या लेखाचे मुख्य सांगणे आहे. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येते. ते आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलांच्या समितीपुढे जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगाव येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे आणि बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकी येथे आहे. पहिले अपील फेटाळले गेले, तर पुन्हा सहा महिन्यांत दुसऱ्या अपिलाच्या समितीकडे जाता येते.

त्यानंतरची पायरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रातील सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तेथे अर्ज करावयाचा असतो. अपिलावर सहा महिने निर्णयच झाला नाही, तर ती मुदत संपल्यापासून पुढील सहा महिन्यांत जाता येते. उशीर झाला असेल, तर त्याचे समाधानकारक कारण देऊन विलंबमाफी मागता येते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रत्येक पायरीला वकीलच हवा असे नाही. पहिल्या दोन अपिलांसाठी जळगाव व धुळे येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत मार्गदर्शन मिळू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना मोफत कायदेशीर साहाय्य देण्यासाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे. तिचाही लाभ घ्यावा.

रकमेचा हिशेब

आम्ही हिशेबाची माणसे. त्यामुळे हा भाग थोडा विस्ताराने मांडतो. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. एक भाग सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्यापेक्षा कमी अपंगत्वास त्याच प्रमाणात कमी, असे मूळ सूत्र आहे.

समजा, एखाद्याचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये होते. १०० टक्के अपंगत्वास दरमहा १२,००० रुपये होतात. ३० टक्के अपंगत्वास ३,६०० रुपये होतात. येथे आणखी एक तरतूद लागू पडते. ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय पत्रानुसार ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ टक्के असेल तर ७५ टक्के, आणि त्यापुढील १०० टक्के असे धरले जाते. प्रारंभी हा लाभ आजारामुळे सेवेतून काढल्या गेलेल्यांनाच मिळे. सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी, सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मान्य केला. म्हणजे वरील उदाहरणात ३,६०० च्या जागी ६,००० रुपये झाले. महागाई साहाय्य यावर वेगळे.

आता उशिराची किंमत पाहू. तर्सेम सिंग हे सैनिक १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. निवृत्तिवेतन दरमहा नाकारले जाते, म्हणून हा चालू राहणारा अन्याय आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले. मात्र थकबाकी त्यांना अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच देण्यात आली. हा दंडक वरील उदाहरणास लावून पाहावा. दरमहा ६,००० प्रमाणे वर्षाचे ७२,००० रुपये होतात. दहा वर्षे थांबून अर्ज करणाऱ्यास तीन वर्षांचे २,१६,००० रुपये मिळतील आणि सात वर्षांचे ५,०४,००० रुपये गमावले जातील. ढोबळ हिशेबाने एका कुटुंबाच्या पाच लाख रुपयांना, पेटीत ठेवलेले एक पत्र कारणीभूत ठरू शकते.

रुग्णालयाची जबाबदारी आणि तिची मर्यादा

आमच्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र लष्कराच्या वैद्यकीय मंडळाच्या जागी चालत नाही. आजची स्पायरोमेट्री आज फुप्फुस कसे आहे ते सांगते. वीस वर्षांपूर्वी ते कशाने बिघडले, हे ती सांगू शकत नाही. असे असताही नागरी रुग्णालयाचा कागद दोन ठिकाणी उपयोगी पडतो. एक, सैनिक रजेवर असताना किंवा घरी आल्यावर लगेच घेतलेल्या उपचारांची तारीखवार नोंद, कारण आजार केव्हा सुरू झाला हे तिच्यावरून कळते. दोन, अपील समितीपुढे किंवा न्यायाधिकरणापुढे पुन्हा वैद्यकीय तपासणीची मागणी करताना सध्याच्या प्रकृतीचा आधार म्हणून. सेवेच्या काळात सुरू झालेली प्रक्रिया पुढे उशिरा प्रकट झाली असे वैद्यकीयदृष्ट्या दाखविता आले, तर सेवेनंतर दिसलेल्या आजाराचाही विचार करण्याची सोय नियमांत आहे. अशा वेळी तर अगदी पहिल्या केसपेपरवर काय लिहिले आहे, यालाच महत्त्व येते.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही नातेवाईक आम्हांला केसपेपरवरील 'बिडी' हा शब्द वगळण्याची विनंती करतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण ती विनंती आम्ही कधीच मान्य करणार नाही. खोटा कागद पकडला गेला, तर त्या एका सैनिकाचेच नव्हे, तर आमच्या रुग्णालयाचा कागद घेऊन जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक सैनिकाचे नुकसान होईल. शिवाय खरे लिहिल्याने दरवेळी तोटाच होतो असेही नाही. 'बिडी ओढतो' एवढेच लिहिणे आणि 'दिवसाला चार बिड्या, पाच वर्षे, पुढे बंद. खोकला बंद केल्यानंतर चार वर्षांनी, अतिउंचीवरील नेमणुकीत सुरू' असे लिहिणे, यांत महदंतर आहे. पहिल्या नोंदीत रुग्णावर ठपका ठेवलेला दिसतो, तर दुसरीत त्याची खरी हकीकत समजते. कापसाच्या जिनिंगमधील धूळ किंवा पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर यांचीही नोंद अशीच तपशिलाने झाली पाहिजे, मग ती रुग्णाच्या दाव्याला सोयीची असो वा नसो.

'जुना दमा' या दोन शब्दांपासून आम्ही हाच धडा घेतला. श्वसनाच्या रुग्णांसाठी आम्ही केसपेपरला एक स्वतंत्र पुरवणी जोडली आहे. तीत पाच प्रश्न आहेत. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी सुरू झाला? त्या वेळी रुग्ण कोणत्या गावी व कोणत्या कामावर होता? धूम्रपान किती व किती काळ? घरात व कामाच्या जागी धूळ-धूर कोणता? पूर्वीच्या तपासण्यांचे कागद कोणते पाहिले? उत्तर ठाऊक नसेल, तर 'माहीत नाही' असे लिहावे. 'जुना', 'बरेच दिवस', 'पहिल्यापासून' असे शब्द वापरू नयेत, अशी सूचना आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी आनंदाने स्वीकारली आहे.

कुटुंबीयांना विनंती

१. नामंजुरीच्या पत्रावरील तारीख पाहा आणि त्याच आठवड्यात पहिल्या अपिलाची तयारी सुरू करा.

२. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. कारणे लिहिली आहेत की नुसता शेरा आहे, हे ती वाचल्याशिवाय कळत नाही.

३. डिस्चार्ज बुक, पीपीओ, भरतीच्या वेळच्या तपासणीचे कागद, लष्करी रुग्णालयांतील भरतीचे कागद आणि नेमणुकीच्या ठिकाणांची यादी एकत्र ठेवा. मूळ कागद कोणाकडेही देऊ नका. छायाप्रती द्या.

४. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही त्यांचे सेवाकागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात, असे अनेक प्रकरणांत दिसून आले आहे. थोड्या सेवेनंतर आजारामुळे घरी आलेल्यांनी म्हणूनच अजिबात विलंब करू नये.

५. सैनिक हयात नसला, तरी त्याच्या हयातीतील थकबाकीबाबत पत्नीने व वारसांनी चौकशी करावी. कागद जाळू किंवा रद्दीत टाकू नयेत.

६. आमच्याकडे उपचार झाले असतील, तर केसपेपरची प्रमाणित प्रत मागावी. अशा प्रतीसाठी माजी सैनिकांकडून शुल्क न घेण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने केला आहे.

शेवटी

आरंभी सांगितलेल्या हवालदारांच्या केसपेपरचे पुढे काय झाले, ते सांगून लेख संपवितो. जुना कागद आम्ही जसाच्या तसा, 'जुना दमा' या शब्दांसह, प्रमाणित करून दिला. त्यासोबत आमच्या सध्याच्या डॉक्टरांनी नव्याने हकीकत घेऊन आणि स्पायरोमेट्री करून स्वतंत्र पत्र दिले. मूळ नोंदीत आजाराचा कालावधी लिहिलेला नाही, ही आमच्या नोंदपद्धतीची उणीव होती आणि त्या शब्दावरून भरतीपूर्वीचा आजार असा निष्कर्ष निघत नाही, असे त्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. स्वतःची चूक स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देणे कोणत्याही संस्थेला सोपे नसते. विश्वस्त मंडळाने त्यास एकमताने संमती दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विलंबमाफीच्या अर्जासह अपील दाखल झाले असून प्रकरण अद्याप विचाराधीन आहे. निकाल काय लागेल हे आम्ही सांगू शकत नाही.

देणगीदारांना एकच निवेदन करावयाचे आहे. आपल्या देणगीतून आलेले यंत्र सर्वांना दिसते. अभिलेख कक्षातील कपाट आणि तेथे बसून जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावणारा कर्मचारी मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. तरीही एखाद्या घरात दरमहा येऊ शकणारे सहा हजार रुपये कधी कधी त्या कपाटातील एका कागदावर अवलंबून असतात. येत्या वर्षी स्पायरोमेट्रीच्या यंत्राइतकेच अभिलेख कक्षाकडेही आपण लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.

ते हवालदार अजूनही येतात आणि आवारात दोनदा थांबतात. पहिल्या थांब्यावर आता आम्ही एक बाक ठेवला आहे.